विश्लेषण : न्यूझीलंडला दोन वेळा हरवणाऱ्या ‘तारू’ जोन्सवर आजीवन बंदी कशासाठी?

१ जानेवारी १९०८. दक्षिण वेल्समधील ॲबरडेर हे कोळशाच्या खाणींचे गाव. मैदानात एका बाजूला न्यूझीलंड, दुसऱ्या बाजूला वेल्स. सामना वेल्सने ९-८ असा, अवघ्या एका गुणाने जिंकला. त्यात अखेरच्या टप्प्यातला एक ट्राय डेव्हिड जोन्स नावाच्या धिप्पाड फॉरवर्डचा होता.

याच जोन्सने साधारण दोन वर्षांपूर्वी, १६ डिसेंबर १९०५ रोजी, कार्डिफमध्ये न्यूझीलंडला ३-० असे हरवणाऱ्या वेल्स संघातही जागा मिळवली होती. वेल्समधील लोक आजही ज्या विजयाबद्दल अभिमानाने बोलतात, तो हाच. म्हणजे हा माणूस न्यूझीलंडला दोनदा हरवणाऱ्या संघांत होता. पण हे दोन सामने दोन वेगळ्या खेळांचे होते. पहिला रग्बी युनियनचा. दुसरा नॉर्दर्न युनियनच्या नियमांनी खेळलेला, ज्याला आपण आज रग्बी लीग म्हणतो. आणि या दोन सामन्यांच्या मधल्या काळात, १९०७ मध्ये, पहिल्या खेळाच्या संघटनेने जोन्सवर कायमची बंदी घातली होती. ठपका होता पैसे घेऊन खेळल्याचा.

क्रीडा इतिहासात हे प्रकरण ‘हौशी विरुद्ध व्यावसायिक’ अशा शीर्षकाखाली जाते. मला ते शीर्षकच फसवे वाटते. जोन्सची कारकीर्द नीट पाहिली तर प्रश्न पैसे घ्यावेत की नाही हा नव्हताच. पैसे, भेटवस्तू, अगदी घरसुद्धा घेऊन सन्मानाने वावरलेले लोक त्याच वेल्समध्ये होते. घेणाऱ्यांपैकी कोणाला माफ करायचे आणि कोणाला हाकलायचे, हा खरा प्रश्न होता.

कोण हा ‘तारू’?

मराठीत तारू म्हणजे जहाज. वेल्श भाषेत तारू म्हणजे बैल, वळू. डेव्हिडचे वेल्श लाडके रूप ‘डाय’, त्यामुळे गावात तो डाय ‘तारू’ जोन्स. उंची सहा फुटांच्या वर आणि वजन शंभर किलोच्या आसपास. आजच्या रग्बीत हे आकडे किरकोळ वाटतील, पण १९०० च्या सुमारास असा माणूस समोरून धावत आला की बाजूला होणेच शहाणपणाचे असे.

तो ट्रेहर्बर्ट आणि ॲबरडेर या क्लबांकडून खेळला. ट्रेहर्बर्ट हे ऱ्होंडा खोऱ्याच्या अगदी वरच्या टोकाचे गाव, तर ॲबरडेर शेजारच्या सायनन खोऱ्यात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जगभरातल्या वाफेच्या जहाजांना लागणारा उत्तम कोळसा या खोऱ्यांतून निघत होता. दोन डोंगरांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत खाण, रेल्वे, चर्च आणि कामगारांच्या घरांच्या एकसारख्या रांगा. सपाट जागा मिळेल तिथे रग्बीचे मैदान.

वेल्सच्या संघाची बांधणी त्या काळात एका ठरावीक पद्धतीची होती. मागच्या फळीत, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्या आणि डोकी लढवणाऱ्या खेळाडूंत, शिक्षक, डॉक्टर, व्यापारी, विद्यापीठात शिकलेले तरुण बऱ्यापैकी दिसत. पुढच्या फळीत, जिथे स्क्रममध्ये खांद्याला खांदा लावून समोरच्या संघाला ढकलायचे असते, तिथे अंगमेहनतीची सवय असलेली माणसे लागत. ती खोऱ्यांतून येत. ‘ऱ्होंडा फॉरवर्ड’ हा शब्दच तिथे रूढ झाला होता. तारू जोन्स त्या जातकुळीचा. १९०२ ते १९०६ या काळात तो वेल्सकडून १३ आंतरराष्ट्रीय सामने खेळला. इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंड या तिघांनाही एकाच हंगामात हरवले की ‘ट्रिपल क्राउन’ मिळतो. १९०२ आणि १९०५ या दोन्ही वर्षी वेल्सने तो मिळवला. वेल्श रग्बीचा हा पहिला सुवर्णकाळ, आणि तारू त्याच्या अगदी मध्यात होता.

कार्डिफमध्ये काय घडले?

१९०५ चा न्यूझीलंडचा दौरा म्हणजे ‘ऑल ब्लॅक्स’ हे नाव जगभर पोहोचले तो दौरा. कार्डिफला येईपर्यंत ते एकही सामना हरले नव्हते. इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड, तिघेही गारद झाले होते. ब्रिटनमधला त्यांचा दौरा संपला तेव्हाही पराभव एकच होता. तो वेल्सकडून.

सामन्याआधी न्यूझीलंडने हाका केला. त्याला उत्तर म्हणून वेल्सच्या खेळाडूंनी ‘हेन व्लाद वी न्हादाय’ हे आपले वेल्श गीत सुरू केले आणि सारे मैदान गाऊ लागले. खेळाच्या सामन्याआधी राष्ट्रगीत गाण्याची प्रथा इथूनच सुरू झाली असे अनेकदा सांगितले जाते. पुढच्या वेळी वानखेडेवर ‘जन गण मन’साठी उभे राहाल तेव्हा आठवा, एवढेच.

वेल्सने या सामन्याची तयारी एखाद्या परीक्षेसारखी केली होती. न्यूझीलंडचे सात जण स्क्रममध्ये जात आणि आठवा ‘रोव्हर’ म्हणून मोकळा राहत असे. वेल्सने तीच मांडणी उचलली. आठऐवजी सात फॉरवर्ड घेतले आणि क्लिफ प्रिचर्डला मोकळे सोडले. त्या सातांत तारू होता. म्हणजे नेहमीपेक्षा एक माणूस कमी असताना ढकलण्याचे काम या सात जणांनी करायचे होते. न्यूझीलंडला स्क्रममध्ये मोक्याची बाजू मिळू नये म्हणून वेल्सचा एक फॉरवर्ड शेवटच्या क्षणापर्यंत बाहेर थांबायचा आणि मग घुसायचा. हे दिसायला क्षुल्लक वाटते, पण न्यूझीलंडचे सगळे आक्रमण त्या स्क्रमच्या चेंडूवर उभे होते.

मग तो प्रसिद्ध ट्राय. हाफबॅक डिकी ओवेन स्क्रममधून चेंडू घेऊन उजवीकडे निघाला. न्यूझीलंडचा बचाव उजवीकडे धावला. ओवेनने अचानक उलट्या दिशेला चेंडू टाकला, प्रिचर्डकडून रीस गेबकडे, गेबकडून टेडी मॉर्गनकडे, आणि मॉर्गन डाव्या कोपऱ्यात पोहोचला. तेव्हा ट्रायला ३ गुण होते. सामन्यात पुन्हा कोणी गुण मिळवलाच नाही.

उत्तरार्धात न्यूझीलंडच्या बॉब डीन्सने रेषा ओलांडून चेंडू टेकवला होता की नव्हता, यावर दोन्ही देशांत आजही वाद होतो. रेफरी जॉन डॅलस रोजच्या कपड्यांत मैदानात उतरले होते आणि खेळाच्या वेगामागे पडले होते. ते पोहोचेपर्यंत डीन्सला मागे ओढले होते, असे न्यूझीलंडचे म्हणणे. त्यांनी ट्राय दिला नाही. डीआरएस असते तर काय, हा प्रश्न मला दरवेळी पडतो आणि दरवेळी मी तो सोडून देतो.

ट्राय मॉर्गनचा, चाल ओवेनची, कर्णधार ग्विन निकल्स. सामन्यानंतर नावे त्यांची झाली. स्क्रममध्ये डोके खाली घालून ढकलणाऱ्या सात जणांची नावे यादीत राहिली. फॉरवर्डच्या वाट्याला हेच येते.

एक रग्बी, दोन खेळ

इथे थोडे मागे जावे लागते. इंजिनीअरिंग केलेल्यांना पटकन कळेल अशी उपमा द्यायची तर हा सॉफ्टवेअरचा ‘फोर्क’ होता. मूळ कोड एकच. तो सांभाळणाऱ्यांनी एक बदल नाकारला, म्हणून काहींनी आपली वेगळी आवृत्ती काढली आणि दोन्ही आवृत्त्या हळूहळू इतक्या लांब गेल्या की पुन्हा जुळणे अशक्य झाले.

नाकारलेला बदल काय होता? ‘ब्रोकन टाइम’, म्हणजे बुडालेल्या मजुरीची भरपाई. सामने शनिवारी दुपारी असत. गिरणीतला किंवा खाणीतला कामगार शनिवारी सकाळी कामावर असे. सामना दुसऱ्या गावात असेल तर सकाळची पाळी सोडावी लागे, मजुरी जाई. उत्तर इंग्लंडच्या क्लबांत असे कामगार खेळाडू मोठ्या संख्येने होते. १८९३ मध्ये लंडनमधील सभेत यॉर्कशायरच्या प्रतिनिधींनी ठराव मांडला : खेळाडूची प्रत्यक्ष बुडालेली मजुरी भरून देण्यास परवानगी द्यावी. मानधन नव्हे, बक्षीस नव्हे, फक्त बुडालेली मजुरी. ठराव २८२ विरुद्ध १३६ मतांनी पडला.

विरोध करणाऱ्यांचे म्हणणे होते की पैसा आला की खेळाची शुद्धता जाईल. ज्यांना शनिवारी कामावर जायचेच नसते त्यांच्यासाठी ही शुद्धता फुकट होती. कामगाराला मात्र ती आठवड्याच्या पगारातून विकत घ्यावी लागत होती.

२९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलमध्ये उत्तरेच्या क्लबांनी वेगळी चूल मांडली. नाव नॉर्दर्न युनियन. सुरुवातीला त्यांनीही भरपाईला दिवसाला सहा शिलिंगांची मर्यादा ठेवली. १८९८ मध्ये व्यावसायिक खेळाला उघड मान्यता दिली तेव्हासुद्धा अट होती की खेळाडूची खेळाव्यतिरिक्त खरीखुरी नोकरी हवी. त्यातही दारूच्या गुत्त्यातला वेटर किंवा बिलियर्डच्या टेबलावर गुण मोजणारा, अशी कामे चालणार नाहीत! बंडखोरांनाही सभ्यतेची काळजी होतीच. नंतर नियम बदलत गेले. लाइनआउट गेला, १९०६ मध्ये १५ ऐवजी १३ खेळाडू आले, अडवलेल्या खेळाडूने उठून पायाने चेंडू मागे देण्याची पद्धत आली. प्रेक्षक तिकीट काढून येणार म्हटल्यावर खेळ वेगवान आणि डोळ्यांना दिसणारा हवा, हा साधा हिशेब.

आणि एक भिंत उभी राहिली. ज्याने नॉर्दर्न युनियनशी करार केला, त्याला युनियन रग्बीचे दार कायमचे बंद.

वेल्सने कोणती बाजू घेतली?

तर्काने पाहिले तर वेल्सने उत्तरेबरोबर जायला हवे होते. खेळाडू कामगार, प्रेक्षक कामगार, गावे खाणींची. पण वेल्श संघटनेत खोऱ्यांतल्या कामगारांपेक्षा किनाऱ्यावरच्या शहरांतील सुस्थित लोकांचा शब्द चालत असे. शिवाय इंग्लंडशी दरवर्षी होणारा सामना ही वेल्सची राष्ट्रीय प्रतिष्ठेची गोष्ट झाली होती. तो सामना गमावण्याची किंमत कोणालाच नको होती. म्हणून वेल्सने मधला मार्ग काढला : नियम मान्य करायचा आणि तो मोडला जात असताना दुसरीकडे पाहायचे.

त्याचे सर्वात ठळक उदाहरण म्हणजे आर्थर गोल्ड. न्यूपोर्टचा हा देखणा खेळाडू वेल्सचा पहिला खरा सुपरस्टार. तो निवृत्त होताना लोकांनी वर्गणी काढली आणि १८९७ मध्ये त्याला चक्क घर भेट दिले. इतर देशांच्या संघटना खवळल्या. वेल्स आंतरराष्ट्रीय मंडळातून बाहेर पडला. स्कॉटलंडने १८९७ आणि १८९८ मध्ये वेल्सशी खेळण्यास नकार दिला. शेवटी काय झाले? इंग्लंडच्या संघटनेने गोल्डचे प्रकरण अपवादात्मक मानून पोटात घातले, १८९८ मध्ये वेल्स मंडळात परतला आणि घर गोल्डकडेच राहिले.

मला गोल्डचा राग नाही. लोकांनी प्रेमाने दिले, त्याने घेतले. पण हाच नियम तारूला लावला असता तर?

दुसरे उदाहरण स्वान्झीचे जेम्स बंधू, डेव्हिड आणि इव्हान. हाफबॅकच्या जोडगोळीत त्यांचा हात धरणारे कोणी नव्हते. तांब्याच्या कारखान्यातले कामगार. १८९२ मध्ये त्यांच्यावर व्यावसायिक असल्याचा शिक्का बसला, पुढे चार वर्षांनी त्यांना पुन्हा हौशी म्हणून घेण्यात आले. १८९९ च्या जानेवारीत त्यांनी इंग्लंडला २६-३ असे लोळवणाऱ्या वेल्स संघात कमाल केली. आणि लगेच दोघे सहकुटुंब उत्तरेला, ब्रॉटन रेंजर्सकडे निघून गेले. वेल्समध्ये हळहळ झाली, पण त्यांना दोष द्यायला सामान्य माणूस धजला नाही. त्यांच्या जागी आपण असतो तर काय केले असते, हे स्वान्झीच्या प्रत्येक घरात माहीत होते.

तारू सापडला कसा?

१९०७ मध्ये वेल्श संघटनेला डोळे मिटून बसणे अशक्य झाले. ॲबरडेर क्लबच्या व्यवहारांबद्दल जाहीर आरोप झाले, खेळाडूंना पैसे दिले जातात हे बाहेर आले. चौकशी बसली. तिच्या निकालात अनेकांवर कायमची बंदी आली, त्यांत तारू जोन्सचे नाव होते. १३ सामने, दोन ट्रिपल क्राउन, न्यूझीलंडवरचा विजय. यातले काहीही उपयोगी पडले नाही.

तारूने पैसे घेतले नसतील, असे मी म्हणत नाही. घेतले असण्याचीच शक्यता जास्त. माझा मुद्दा वेगळा आहे. त्या काळी वेल्समधल्या बड्या क्लबांत ‘प्रवासखर्च’ या नावाखाली बुटात नाणी ठेवली जात, हे उघड गुपित होते. त्यासाठी खास शब्दच आहे : ‘बूट मनी’. सामना संपवून खेळाडू बूट घालायला जातो आणि आत काहीतरी खुळखुळते. कोणी दिले, कोणी घेतले, नोंद नाही. ज्या क्लबची वरपर्यंत ओळख होती तिथले बूट कोणी उलटे केले नाहीत. खोऱ्यांतल्या क्लबांचे केले.

हे लिहिताना मला माझा शेवटच्या सेमिस्टरनंतरचा उन्हाळा आठवतो. पुण्यात एका कंपनीत इंटर्नशिप मिळत होती, काम आवडीचे होते, पण सहा महिने स्टायपेंड शून्य. “एक्स्पोजर मिळेल, शिकायला मिळेल,” असे फोनवर सांगितले गेले. माझ्या वर्गातल्या ज्याचे घर कोथरूडला होते त्याने ती घेतली. माझे घर तालुक्याला. कॉटबेसिसचे भाडे आणि मेसचे पैसे भरायचे होते, म्हणून मी नाही म्हणालो आणि डेटा एंट्रीचे काम धरले. त्याचा रेझ्युमे माझ्यापेक्षा चांगला झाला, यात त्याची चूक नाही. पण पुढे एका मुलाखतीत मला विचारले गेले, “या क्षेत्राची तुम्हाला खरंच पॅशन आहे का? इंटर्नशिप तर केलेली दिसत नाही.” १८९३ च्या त्या सभेत ठरावाविरुद्ध बोलणारे गृहस्थ मला तेव्हापासून ओळखीचे वाटतात.

ॲबरडेरचा तो सामना

बंदी आल्यावर तारूसमोर दोन पर्याय होते : खेळ सोडणे किंवा पलीकडे जाणे. त्याचे नशीब असे की नेमक्या त्याच वर्षी पलीकडचा खेळ वेल्समध्ये आला. १९०७ मध्ये एबू व्हेल आणि मर्थर टिडफिल येथे नॉर्दर्न युनियनचे क्लब निघाले. तारू मर्थरकडून खेळू लागला. उत्तरेला घर हलवावे लागले नाही.

त्याच हिवाळ्यात न्यूझीलंडचा एक संघ ब्रिटनमध्ये दाखल झाला. हे ऑल ब्लॅक्स नव्हते. १९०५ च्या दौऱ्यात खेळाडूंना दिवसाला तीन शिलिंग हातखर्च मिळाला होता आणि संघटनेने तिकिटांच्या पैशांतून भरघोस नफा कमावला होता. हा हिशेब खेळाडूंनाही करता येत होता. वेलिंग्टनचा टपाल खात्यातला तरुण, रग्बीवर पुस्तक लिहिलेला अल्बर्ट बास्कर्व्हिल, याने स्वतंत्र दौऱ्याची कल्पना मांडली. प्रत्येक खेळाडूने स्वतःचे ५० पौंड घालायचे आणि नफा वाटून घ्यायचा. सिडनीच्या पत्रकारांनी हिणवायला त्यांना ‘ऑल गोल्ड्स’ असे नाव ठेवले. आज न्यूझीलंडचे लीगप्रेमी ते नाव अभिमानाने घेतात. १९०५ च्या ऑल ब्लॅक्सपैकी चार जण या संघात होते. त्यातला डंकन मॅकग्रेगर कार्डिफच्या त्या सामन्यात खेळला होता. हे सारे मायदेशी बंदी ओढवून आले होते. स्वतः बास्कर्व्हिल दौऱ्याच्या परतीच्या वाटेवर, मे १९०८ मध्ये, ब्रिस्बेनला न्यूमोनियाने गेला. वय अवघे २५.

तर नववर्षाच्या दिवशी ॲबरडेरला जमलेले दोन्ही संघ आपापल्या जुन्या संघटनांच्या दृष्टीने बहिष्कृत होते. वेल्सचा लीगमधला हा पहिलाच आंतरराष्ट्रीय सामना. पाहुण्यांना नवे नियम शिकून जेमतेम तीन महिने झाले होते. आणि ज्या गावच्या क्लबपायी तारूवर शिक्का बसला, त्याच गावात, त्याच लोकांसमोर तो वेल्सची जर्सी घालून उतरला. ९-८.

या सामन्यामुळे तारू वेल्सच्या पहिल्या दुहेरी आंतरराष्ट्रीय खेळाडूंपैकी एक ठरला. न्यूझीलंडवरच्या दोन्ही खेळांतल्या विजयात त्याचा वाटा, ही नोंद त्याहून मोठी. पण १९०५ चा विजय राष्ट्राच्या आठवणीत गेला, १९०८ चा बहुतांश विसरला गेला. असे का, याचे उत्तर अवघड नाही. इतिहास लिहिणारे, शाळांत खेळ शिकवणारे, स्मारके उभारणारे सगळे पहिल्या संघटनेच्या बाजूला होते.

मग वेल्समध्ये लीग टिकली का नाही?

नाही टिकली. १९०८ मध्ये ॲबरडेर, बॅरी, मिड-ऱ्होंडा आणि ट्रेहर्बर्ट असे आणखी चार क्लब आले. पण प्रतिस्पर्धी सगळे लँकेशायर-यॉर्कशायरला. दर पंधरवड्याला रेल्वेने संघ तिकडे न्यायचा खर्च छोट्या गावांना झेपेना. हरणारा संघ पाहायला प्रेक्षकही येईनात. १९१२ पर्यंत सहाही क्लब बंद पडले. त्यानंतर वेल्श खेळाडूला लीग खेळायची तर एकच रस्ता होता, घर सोडून उत्तरेला. कार्डिफचा जिम सलिव्हन १९२१ मध्ये किशोरवयातच विगनला गेला आणि गोलांचे डोंगर रचले. पन्नासच्या दशकात बिली बोस्टन गेला. त्याने कारकीर्दीत पाचशेहून अधिक ट्राय केले. बोस्टन कार्डिफच्या टायगर बे वस्तीतला, कृष्णवर्णीय. त्याच्यासारख्यांच्या बाबतीत प्रश्न फक्त पैशांचा नव्हता. वेल्सच्या युनियन संघाने तोवर कृष्णवर्णीय खेळाडू निवडलाच नव्हता.

आता दुसरी बाजूही मांडायला हवी. हौशी नियमाचे समर्थक म्हणत की पैसा उघडपणे आला की तो मोठ्या शहरांत साचेल आणि खोऱ्यांतले क्लब मरतील. ही भीती खोटी ठरली असे म्हणता येत नाही. युनियन रग्बी व्यावसायिक झाल्यावर वेल्सने २००३ मध्ये जुन्या क्लबांच्या वर पाच प्रादेशिक संघ तयार केले. खोऱ्यांच्या वाट्याला आलेला ‘केल्टिक वॉरियर्स’ एका हंगामात, २००४ मध्ये, गुंडाळला गेला. राहिलेल्या चार संघांची ठाणी कार्डिफ, स्वान्झी, न्यूपोर्ट, लनेथ्ली अशी दक्षिणेच्या मोठ्या गावांत. तारूच्या मुलुखातल्या मुलाला आजही व्यावसायिक रग्बी खेळायची तर खोऱ्यातून खाली उतरावे लागते.

पण या युक्तिवादात एक खोट आहे. क्लब जगावेत म्हणून खर्च कोणी उचलायचा? शंभर वर्षे तो खेळाडूने उचलला, आणि त्यातही ज्याची मजुरी बुडत होती त्याने. खोऱ्यांतल्या क्लबांची एवढी चिंता होती तर १९०७ मध्ये कारवाई त्यांच्यावरच का झाली?

बंदी कधी उठली?

२६ ऑगस्ट १९९५. पॅरिसमधील बैठकीनंतर आंतरराष्ट्रीय रग्बी मंडळाने जाहीर केले की खेळ आता सर्वांसाठी ‘खुला’ आहे. पैसे घ्या, द्या, लीगमधून परत या. हे जाहीर करणारे मंडळाचे अध्यक्ष व्हर्नन प्यू स्वतः वेल्श होते. हडर्सफील्डच्या त्या हॉटेलातल्या बैठकीला शंभर वर्षे पूर्ण व्हायला तीन दिवस बाकी होते.

निर्णयामागे तत्त्वचिंतन फारसे नव्हते. ऑस्ट्रेलियात टीव्हीवाल्यांनी लीगमध्ये पैसा ओतायला सुरुवात केली होती, युनियनचे सगळे खेळाडू एका झटक्यात पळवले जातील अशी भीती होती. १९८९ मध्ये वेल्सचा कर्णधार राहिलेला जोनाथन डेव्हिस विडनेसला गेला तेव्हा वेल्समध्ये सुतक होते. तोच १९९५ च्या अखेरीस कार्डिफला परतला आणि युनियनच्या मैदानावर राजरोस उतरला. काही महिन्यांपूर्वीपर्यंत हे अशक्य होते.

त्यानंतरही आठवणींची दुरुस्ती सावकाशच झाली. २०२३ मध्ये कार्डिफ बे येथे बिली बोस्टन, क्लाइव्ह सलिव्हन आणि गस रिस्मन या उत्तरेला गेलेल्या तिघांचा एकत्र पुतळा उभा राहिला. २०२५ मध्ये बोस्टनला ‘सर’ किताब मिळाला. रग्बी लीगच्या खेळाडूला तो पहिल्यांदाच मिळाला. तेव्हा बोस्टनचे वय ९० होते.

तारू जोन्स १९३३ मध्ये वारला. मोबाइलवर १९०५ च्या वेल्स संघाचा फोटो शोधला तर सहज सापडतो. हाताची घडी घातलेले, मिशा पिळलेले गंभीर चेहरे. त्यांतला अंगाने सर्वात भरलेल्यांपैकी एक तो आहे.